‘बूट्स डाउन’मधला आवाज

‘बूट्स डाउन’ लागलं की बसलेली माणसं उठून उभी राहतात. लग्नाचा हॉल असो, क्लबातली नाताळची पार्टी असो, नाहीतर मैदानाबाहेरचा पब असो. दुसरं कडवं संपलं की गिटार थांबते आणि नुसते पाय आपटल्याचा आवाज उरतो. त्यात एक मुलगी काहीतरी ओरडते, लोक हसतात, गायक तिला उत्तर देतो, पाय आणखी जोरात पडायला लागतात, आणि मग तो कडाका येतो. लांबलचक, लाकूड फाटल्यासारखा. त्या कडाक्याला सगळे एकदम टेबलावर हात मारतात. क्षणभर शांतता, आणि ड्रम पुन्हा सुरू. पुष्कळांना वाटतं, ते स्टुडिओत मुद्दाम केलेलं काहीतरी असणार.

ती ओरडणारी मुलगी म्हणजे माझी धाकटी बहीण, लोर्ना.

आम्ही हेडनॉलचे, कालव्याच्या अलीकडच्या गल्लीतले. वडील, वॉल्टर पिकरिल, कुलपांच्या कारखान्यात फोरमन होते. डेस हॅकेट शाळा सोडून तिथे लागला तेव्हा कानस कशी धरायची हे त्याला वडिलांनीच शिकवलं. डेसची आई लवकर गेली होती. तो आपल्या मावशीकडे राहायचा, आणि मावशीला स्वयंपाकाचा कंटाळा. त्यामुळे आठवड्यातून दोनतीनदा तो आमच्याच टेबलावर वाटाणे आणि लिव्हरचे गोळे हाणत बसलेला असायचा. आई त्याला न विचारता वाढायची.

पुढे त्याने तिघा मित्रांना घेऊन बँड काढला आणि नाव ठेवलं ‘टिन पीकॉक’. त्या काळात सगळ्याच पोरांवर भूत बसलं होतं. केस खांद्यापर्यंत, सॅटिनच्या विजारी, वीतभर उंच टाचांचे बूट, गालांवर चमकी. ग्लॅम रॉक म्हणायचे त्याला. दिवसभर कारखान्यात तेलाने हात काळे केलेली पोरं संध्याकाळी सर्कशीतून पळाल्यासारखी दिसायची. डेस पहिल्यांदा मावशीचा जांभळा ब्लाउज घालून आमच्या दारात आला, तेव्हा वडिलांनी पेपर खाली केला.

“कुठल्या मावशीचं लग्न आहे रे आज?”

“तुमच्या लग्नाला यायचं राहून गेलं होतं, मिस्टर पिकरिल,” डेस म्हणाला. “म्हटलं आता तरी भेटून जावं.”

वडिलांनी पेपर पुन्हा वर घेतला, पण त्याच्यामागे ते हसत होते. कार्यक्रमाच्या दिवशी डेसला कारखान्यातून लवकर सोडायचे तेही तेच.

बँडचे कपडे लोर्ना शिवायची. ती त्याच कारखान्यात पॅकिंगला होती, सोळा वर्षांची. तिला शिवणाची हौस फार आणि सबुरी अजिबात नाही. मोठे मोठे टाके घालायची, दोरा दातांनी तोडायची, आणि झालं म्हणायची. डेसची विजार स्टेजवर दर दोन कार्यक्रमांत एकदा उसवायची. तो भडकायचा, ती म्हणायची, तू उड्या कमी मार. सगळं गाव त्याला डेस म्हणायचं, एकटी लोर्ना पूर्ण नावाने हाक मारायची, डेस्मंड. त्याला ते नाव आवडत नव्हतं, म्हणूनच. त्यांच्यात काही होतं का, असं मला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. नव्हतं. व्हायचंच असतं, तर त्याला अजून वेळ होता.

टिन पीकॉकच्या दोन रेकॉर्ड निघाल्या आणि दोन्ही पडल्या. तिसऱ्या वेळी त्यांच्याकडे ‘बूट्स डाउन’ होतं. गाणं साधंच, चार ओळींचं. खरी जान पाय आपटण्यात. लंडनला जाऊन त्यांनी ते दोनदा रेकॉर्ड केलं, आणि दोन्ही वेळा ते निवलेल्या चहासारखं आलं. तेव्हा त्यांचा मॅनेजर, कॉर्डेल नावाचा गोड बोलणारा माणूस, त्याने युक्ती काढली. स्टुडिओत चार माणसं पाय आपटून काय होणार? हेडनॉलची पोरं गोळा करा, कारखान्यातले जड बूट घालून या म्हणावं, त्यांच्यासमोर वाजवा आणि तिथेच रेकॉर्ड करा.

हेडनॉलमध्ये एवढी माणसं मावतील अशी एकच जागा होती, बाथ्स, म्हणजे गावाचा छताखालचा पोहण्याचा तलाव. उन्हाळ्यात तिथे पोहायचं आणि हिवाळ्यात तलाव रिकामा करून त्यावर तुळया टाकायच्या, त्यावर फळ्या, की झाला नाचाचा हॉल. आमच्या आईवडिलांची ओळख त्याच फळ्यांवर झालेली. आपण तलावावर नाचतोय हे कोणाच्या डोक्यातही नसायचं.

फेब्रुवारीतली शनिवारची दुपार होती. बाहेर रेकॉर्डिंगची गाडी उभी, खिडकीतून आत जाड वायरी आलेल्या. कॉर्डेलने दारात जो येईल त्याला आत घेतलं. बूट असले की पुरे. मी कडेच्या टाइल्सवर, भिंतीला टेकून उभी होते, कारण माझ्या हातात सगळ्यांचे कोट होते. लोर्ना पुढे, स्टेजला चिकटून. स्टेज तलावाच्या खोल टोकाला होतं. तिने दोन्ही गालांवर चमकी फासली होती आणि मागे वळून मला हातांनी खुणा करत होती, पुढे ये, पुढे ये.

दोन कडवी झाली. ठरल्याप्रमाणे वाद्यं थांबली आणि बुटांचा आवाज तेवढा राहिला. तो आवाज पायांतून वर छातीत यायचा. त्या मधल्या जागेत लोर्नाने दोन्ही हात तोंडाशी धरले. शिट्टीसारखा आवाज होता तिचा.

“डेस्मंड, विजार उसवली तुझी!”

सगळे हसले. डेस स्टेजच्या कडेशी आला, वाकला आणि माइकवरच म्हणाला, “विजारीचं राहू दे, तू पाय आपट.” मग सरळ उभा राहून सगळ्यांना म्हणाला, “अजून जोरात.”

मग तो कडाका.

फळ्या एकदम कोसळल्या नाहीत. चहाचा ट्रे एका बाजूने कलावा तशी स्टेजपुढची जमीन कलली आणि तिच्यावरची पोरं घसरत गेली. आधी कोणी किंचाळलंही नाही. मग धूळ वर आली आणि तिच्यात क्लोरिनचा वास. माझ्या पायांखाली टाइल्स होत्या, त्या जागच्या जागी होत्या. कोट हातात तसेच होते. पुष्कळांचे हातपाय मोडले. एकाचा डोळा गेला. मेली एकटी लोर्ना. ती सगळ्यांत खाली होती आणि तिच्यावर तुळई होती. डेसने स्टेजवरून खाली उडी टाकली होती. फळ्या उपसून उपसून त्याची नखं निघाली, पण तुळई त्याला एकट्याला हलेना.

हॉस्पिटलमध्ये आईने रुमालाला थुंकी लावून लोर्नाच्या गालावरची चमकी पुसायला घेतली. ती निघत नव्हती. नर्स म्हणाली, मी करते ते. आईने तिला करू दिलं नाही.

अंत्ययात्रेला बँडची चारही पोरं काळ्या कोटात आली. केस मागे बांधलेले. ती कोणाला ओळखूही आली नाहीत. डेस दाराबाहेरच थांबला, तेव्हा वडील बाहेर गेले आणि त्याला म्हणाले, “पोरा, मला एक खांदा कमी पडतोय.” त्याने हातांच्या पट्ट्यांसकट शवपेटीला खांदा दिला. पुढे चौकशी झाली. तुळया पाण्याच्या ओलीने कुजल्या होत्या, असं निघालं. तलावावरच्या तुळयांना ओल लागणारच. दोष कोणावरच आला नाही.

इथवर जे झालं ते वाईटच, पण अशा गोष्टी आमच्या भागात घडत. कारखान्यांत माणसं जायची, खाणींत जायची. घरं सावरायची. आमचंही सावरलं असतं, असं मला अजून वाटतं.

मे महिन्यात आम्ही जेवायला बसलो होतो. आई चिप्सवर व्हिनेगर घालत होती आणि रेडिओ चालू होता. निवेदकाने टिन पीकॉकचं नाव घेतलं. वडील म्हणाले, “लागू दे. पोराने मेहनत केलीये.” पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. मग पाय वाजायला लागले आणि आमच्या स्वयंपाकघरात लोर्ना ओरडली.

तिने केलेला विनोद, हशा, डेसचं उत्तर, अजून जोरात, आणि कडाका. सगळं होतं त्यात. कडाक्यानंतर त्यांनी कापून ड्रम जोडला होता, एवढंच. गाडीतल्या माणसाला आत काय झालं ते कळलंच नव्हतं, टेप फिरत राहिली होती. कॉर्डेलने ती लंडनला नेऊन ऐकली असणार, आणि आजवर मिळाली नव्हती ती जान त्याला तिथे मिळाली.

वडील उठले आणि परसात गेले. आई रेडिओजवळ गेली. त्याच्या लाकडावर हात ठेवून, गाणं संपून बातम्या लागेपर्यंत उभी राहिली.

डेस दुसऱ्या दिवशी आला. तो सांगत होता की बँडला सांगितलं होतं, नवं रेकॉर्डिंग वापरणार. रेकॉर्ड छापून झाल्यावर त्याला ऐकवली. त्याने नको म्हटलं, तर कॉर्डेल म्हणाला, लाखो पोरं तिला ऐकतील, यापेक्षा मोठी आठवण कोणती. हे सगळं तो दारात उभा राहूनच सांगत होता. आईने त्याला आत घेतलं आणि खुर्ची दिली. तो बसला नाही.

वडील म्हणाले, “ते जाऊ दे. तिला त्यातून काढ.”

“काढतो, मिस्टर पिकरिल. मी परत जातो त्यांच्याकडे.”

“तो सगळा तुकडा काढ. ती मरतेय त्यात, आणि लोक नाचतायत.”

आई म्हणाली, “हात लावू नकोस त्याला.”

वडिलांना वाटलं, ती त्यांना डेसच्या अंगाला हात लावू नको म्हणतेय. पण ती गाण्याबद्दल बोलत होती.

“आपल्याकडे तिचा आवाज आहे का कुठे?” ती वडिलांना म्हणाली. “फोटो आहेत, बाप्तिस्म्याचा झगा आहे, केसांची बट आहे. आवाज आहे? मला तीन महिन्यांत आठवेनासा झाला होता. काल आठवला. डेस, तू हात लावलास तर मी तुझं तोंड बघणार नाही.”

“मॅव्हिस, ती मरतेय त्यात.”

“त्याच्या आधी ती हसतेय.”

दोघंही डेसकडे बघत होते. बावीस वर्षांचा पोरगा तो. त्याने काय करायचं?

त्याने वडिलांचं ऐकलं. लंडनला जाऊन तो भांडला, पण उपयोग झाला नाही. गाणं चढत चढत पहिल्या नंबरला गेलं होतं आणि चालत्या गाण्याला कात्री कोण लावतो? कॉर्डेलने त्याला उलट टीव्हीवर पाठवलं. तेव्हा टीव्हीवर गायचं नसे, मागे रेकॉर्ड लावायचे आणि पुढे ओठ हलवायचे. आम्ही शेजारच्या मिसेस टॉन्क्सकडे बघायला गेलो, म्हणजे आई आणि मी. डेस चंदेरी कोटात होता, दोन कडवी त्याने नीट केली. लोर्ना ओरडली. मग त्याचं उत्तर आलं, आणि डेसचे ओठ मिटलेले. त्याचाच आवाज ‘तू पाय आपट’ म्हणत होता आणि तो तिथे पुतळ्यासारखा उभा होता. कॅमेरा घाईघाईने गिटारवाल्याकडे गेला. पेपरांनी लिहिलं, प्यायला होता.

मला वाटलं, शहाणा आहे, बरं केलं. पण तो पुढच्या वेळी घरी आला तेव्हा आईने दार अर्धंच उघडलं.

“सगळ्या देशासमोर तिने तुला हाक मारली,” आई म्हणाली, “आणि तू उत्तर दिलं नाहीस.”

दार लागलं.

त्या उन्हाळ्यात आईने रेकॉर्डप्लेअर आणला आणि ती पुढच्या खोलीत ‘बूट्स डाउन’ लावून बसायला लागली. पूर्ण कधीच नाही. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी सुई ठेवायची, आणि कडाका यायच्या आत उचलायची. बरोबर जागा तिच्या हाताला बसली होती. वडील कारखान्यातून यायचे, गल्लीच्या टोकाशीच त्यांना ते ऐकू यायचं, आणि ते तसेच वळून कालव्यावर जाऊन बसायचे. पण कारखान्यातही सुटका नव्हती. पॅकिंगच्या पोरींसाठी लाउडस्पीकर होता, त्यावर दिवसातून चारदा तेच. पोरी बंद करायला धावायच्या, पण तोवर लागलेलं असायचं. एके दिवशी वडिलांनी शिडी लावली, वर चढले आणि लाउडस्पीकरची वायर पकडीने तोडली. मालकाने त्यांना थोडे दिवस घरी बसायला सांगितलं. घरी म्हणजे रेकॉर्डप्लेअरच्या शेजारी.

ते त्यांच्या बहिणीकडे गेले, रिलला, समुद्रावर. थोडे दिवस म्हणून गेले आणि परत आले नाहीत. भांडण झालं नाही. आई त्यांचे शर्ट इस्त्री करून माझ्याबरोबर पाठवायची आणि ते तिच्यासाठी माझ्याबरोबर सुके मासे द्यायचे. मी एकदा आईला म्हटलं, नुसती रेकॉर्ड बंद केलीस तर ते येतील. ती म्हणाली, “त्यांना तिच्याशिवाय जगता येतं. जगू दे की. मला नाही येत.” वडिलांना म्हटलं, तिला तेवढंच सुख आहे. ते म्हणाले, “मी धावत पोचलो तेव्हा तिला त्या तलावातून वर काढत होते, हिलरी. तुझी आई ज्याच्या आधी सुई उचलते ना, मला तेवढंच ऐकू येतं.”

रिललाही जत्रा होती. उन्हाळाभर पाळण्यांवर तेच गाणं. वडील खिडक्या लावून घेऊन बसायचे. तिथेच वारले, लोर्ना गेल्याच्या सहाव्या वर्षी, छातीच्या दुखण्याने. आई अंत्यविधीला आली. वडिलांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली, आणि दुसऱ्या दिवशी घरी जाऊन तिने सुई ठेवली.

टिन पीकॉक त्याच्या आधीच संपलं होतं. चंदेरी कोट जुने झाले, पोरांना दुसरं काहीतरी हवं झालं. आणखी दोन गाणी काढली, ती कोणाला आठवतही नाहीत. लोकांना एकच हवं असायचं, आणि डेस ते गायला नाही म्हणायचा. मग बाकीचे तिघं म्हणाले, तर मग तू कशाला? तो हेडनॉलला परत आला. केस कापलेले, पिऊन पिऊन अंगावर सूज आलेली. वडिलांचं कळल्यावर आमच्या दारात येऊन उभा राहिला. या वेळी आईने दार पूर्ण उघडलं.

त्यानंतर तो दर गुरुवारी यायला लागला. आई त्याला वाढायची, मग दोघं पुढच्या खोलीत जायची. पहिल्यांदा मला वाटलं, बरं झालं, दोघं बोलत असतील. एकदा मी चहा घेऊन आत गेले. आईने सुई ठेवली होती आणि आवाज थोडा कमी केला होता. लोर्ना ओरडली, विजार उसवली तुझी. आईने डेसकडे मान वळवली आणि डेस म्हणाला, रेकॉर्डवर नव्हे, तिथे खुर्चीत बसून, “विजारीचं राहू दे, तू पाय आपट.” आईने सुई उचलली. मग परत ठेवली.

ती त्याला उत्तर द्यायला लावत होती. टीव्हीवर राहिलं होतं ते.

मी डेसला बाहेर गाठून सांगितलं, येऊ नकोस, हे बरं नाही, तुला नाही आणि तिलाही नाही. तो म्हणाला, “मी नाही आलो तर ती एकटीच करते ना हे.” मी तोवर लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. माझी दोन पोरं होती. मी गुरुवार टाळायला लागले.

हे किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही. मग एका हिवाळ्यात आईला न्यूमोनिया झाला आणि मला तिच्याकडे राहावं लागलं. गुरुवारी डेस आला. आईला उशा देऊन बसवलं होतं, रेकॉर्डप्लेअर पलंगाजवळ आणला होता. तिच्या हाताला कंप सुटला होता, म्हणून तिने मला सुई ठेवायला सांगितली. मी ठेवली. रेकॉर्ड इतकी झिजली होती की पायांचा आवाज पावसासारखा येत होता. लोर्ना ओरडली.

डेसने खाली बघितलं, आणि मग एकदम हळू म्हणाला, “लोर्ना, मागे हो. भिंतीशी जा, हिलरीपाशी.”

मला सुई उचलायचं सुचलं नाही. कडाका आला. त्या खोलीत तो कधीच ऐकू आला नव्हता. आईने तो पूर्ण ऐकला, त्याच्या मागची शांतता ऐकली, ड्रम ऐकले, आणि गाणं शेवटपर्यंत गेलं. रेकॉर्ड नुसती फिरत राहिली. आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती खूप दमलेली दिसत होती.

“असं म्हणायला हवं होतंस,” ती डेसला म्हणाली.

“हो, मिसेस पिकरिल.”

“तुला काय माहीत होतं म्हणा.” तिने मान मागे उशीवर टेकली. “जा आता घरी, बाळा. अंधार पडतोय.”

त्यानंतर तिने रेकॉर्ड मागितली नाही. पंधरवड्यात ती गेली. तिला रिलला वडिलांशेजारी नेलं नाही, लोर्नाशेजारीच ठेवलं. ते तिने आधीच सांगून ठेवलं होतं.

डेसचं पिणं सुटलं, पण ते लगेच नाही, आणि आईमुळे सुटलं असंही मी म्हणणार नाही. त्याचं लिव्हर बोलायला लागलं तेव्हा सुटलं. लग्न केलं नाही. मावशीच्याच घरात राहतो. बरीच वर्षं तो शाळेची बस चालवत होता. आता साठी उलटलेली, टक्कल पडलेलं. पोरांना कुठून माहीत असणार हा कोण ते. माझा नातू त्याच बसने जायचा. तो मला सांगायचा, आमचा ड्रायव्हर विचित्र आहे, आजी. नाताळ जवळ आला की पोरं मागच्या बाकांवर ‘बूट्स डाउन’ म्हणायला लागतात. नुसतं गाणं म्हटलं तर त्याला चालतं. पण पाय आपटायला लागले की तो बस रस्त्याच्या कडेला घेतो, इंजिन बंद करतो आणि स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसतो. ओरडत नाही, मागे वळत नाही. सगळे पाय थांबेपर्यंत बस हलत नाही.